चिठ्ठीवरचं ‘ओडी’: दिवसातून एकदा, उजवा डोळा की आणखी काही?

दवाखान्यातून बाहेर पडताना हातात एक चिठ्ठी असते. औषधाचं नाव, त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा आणि त्याच्यापुढे दोन-तीन इंग्रजी अक्षरं. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. बहुतेक जण ही अक्षरं वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. मेडिकलवाला पाकिटावर ‘सकाळी १, रात्री १’ असं लिहून देतो आणि काम भागतं.

पण यातल्या ‘ओडी’ या दोन अक्षरांचे वैद्यकीय क्षेत्रातच किमान चार वेगवेगळे अर्थ आहेत. तुमचे फिजिशियन ‘ओडी’ लिहितात तेव्हा त्यांना ‘दिवसातून एकदा’ म्हणायचं असतं. डोळ्यांचे डॉक्टर तेच लिहितात तेव्हा त्याचा अर्थ ‘उजवा डोळा’ असू शकतो. आणि हा गोंधळ फक्त कागदावरचा नाही. तोंडाने घ्यायचं पातळ औषध ‘ओडी’ वाचून डोळ्यात घातलं गेलं, अशा चुकांची दखल अमेरिकेतल्या औषध सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने घेतलेली आहे.

हे कसं होतं, ते टाळण्यासाठी कोणी काय केलं आणि आपण काय करू शकतो, ते समजून घेऊया.

‘ओडी’ आलं कुठून?

चिठ्ठीवरची बहुतेक अक्षरं इंग्रजी दिसत असली तरी मुळात ती लॅटिन आहेत. कित्येक शतकं युरोपात वैद्यकाची भाषा लॅटिन होती. डॉक्टर लॅटिनमध्ये लिहायचे आणि औषधं बनवणारे ते वाचायचे. लॅटिन मागे पडली, पण तिची लघुरूपं राहिली. चिठ्ठीच्या सुरुवातीला जे ‘आरएक्स’सारखं चिन्ह असतं, तेही ‘रेसिपे’ म्हणजे ‘घ्या’ या लॅटिन शब्दावरून आलेलं आहे.

‘ओडी’च्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या लॅटिन शब्दप्रयोगांची आद्याक्षरं नेमकी सारखी निघाली. ‘ओम्नी डाय’ म्हणजे ‘दररोज’. त्यावरून दिवसातून एकदा घ्यायच्या औषधासाठी ‘ओडी’. दुसरा शब्दप्रयोग ‘ऑक्युलस डेक्स्टर’ म्हणजे ‘उजवा डोळा’. त्याचंही लघुरूप ‘ओडी’. डाव्या डोळ्यासाठी ‘ओएस’ आणि दोन्ही डोळ्यांसाठी ‘ओयू’ लिहितात. चष्म्याच्या नंबरचा कागद काढून पाहिलात, तर त्यावरही ‘ओडी’ आणि ‘ओएस’ अशा दोन ओळी दिसण्याची शक्यता आहे.

भारतात ‘दिवसातून एकदा’ या अर्थाचा ‘ओडी’ ब्रिटिश पद्धतीतून आला आणि इथे पक्का रुजला. इंग्रजीतल्या ‘वन्स डेली’शी त्याचा मेळ बसत असल्याने तो लॅटिन आहे, हेही विसरलं गेलं. अमेरिकेत दिवसातून एकदा यासाठी ‘क्यूडी’ वापरायची पद्धत होती, त्यामुळे तिथे ‘ओडी’ म्हटलं की आधी उजवा डोळा आठवतो.

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना हा फरक माहीत असलेला बरा. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या डॉक्टरांनी लिहिलेला ‘ओडी’ तिथल्या डॉक्टरांना त्याच अर्थाने कळेल, याची खात्री देता येत नाही. सोबत न्यायच्या औषधांच्या यादीत वेळा पूर्ण शब्दांत लिहून घेणं सोपं आहे.

एकाच ‘ओडी’चे किती अर्थ?

फिजिशियनच्या चिठ्ठीवर: दिवसातून एकदा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे: उजवा डोळा.

आपत्कालीन विभागात: ओव्हरडोस, म्हणजे औषधाची किंवा नशेच्या पदार्थाची अतिमात्रा.

प्रयोगशाळेत: ऑप्टिकल डेन्सिटी. एलायझासारख्या तपासणीत द्रावणाचा रंग किती गडद झाला, हे मोजायचं माप.

त्याशिवाय अमेरिकेत डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टच्या नावापुढे पदवी म्हणूनही ‘ओडी’ असतं. दवाखान्याबाहेर पडलं की बँकेत ओव्हरड्राफ्ट आणि ऑफिसात ‘ऑन ड्युटी’ आहेच.

अर्थ अनेक असले तरी ते लिहिणाऱ्याला अडचण येत नाही. डोळ्यांच्या विभागात काम करणाऱ्या नर्सला ‘ओडी’ कशाला म्हणतात ते नेमकं माहीत असतं. अडचण सुरू होते ती कागद त्या विभागाबाहेर गेल्यावर. तोच कागद पुढे मेडिकलच्या काउंटरवर जातो, घरी सुनेच्या किंवा नातवाच्या हातात पडतो, दुसऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला जातो. या प्रत्येकाला संदर्भ माहीत असतोच असं नाही.

घोळ नेमका कुठे होऊ शकतो?

काचबिंदूचं उदाहरण घेऊ. काचबिंदूत डोळ्यातला दाब अनेकदा वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला हळूहळू इजा होत जाते. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर कडेकडून कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे रोजचे थेंब न चुकवणं हाच उपचाराचा कणा असतो.

या आजारात लॅटानोप्रॉस्ट नावाचे थेंब बऱ्याचदा दिले जातात. ते दिवसातून एकदाच, साधारणपणे संध्याकाळी किंवा रात्री घालायचे असतात. काही रुग्णांना ते एका डोळ्यात लागतात, काहींना दोन्ही डोळ्यांत.

आता अशा थेंबांच्या नावापुढे फक्त ‘ओडी’ लिहिलेलं असेल तर? ‘दिवसातून एकदा’ आणि ‘उजव्या डोळ्यात’ हे दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात. डॉक्टरांना ‘दोन्ही डोळ्यांत रोज एकदा’ म्हणायचं असेल आणि वाचणाऱ्याने ‘उजव्या डोळ्यात’ असं वाचलं, तर डाव्या डोळ्याला औषधच मिळत नाही. दुखत नसल्याने हे लवकर लक्षातही येणार नाही. उलट डॉक्टरांना ‘उजवा डोळा’ म्हणायचं असेल, तर किती वेळा घालायचं ते चिठ्ठीवर राहूनच गेलं. मग घरचे ‘औषध आहे, दोनदा घातलं तर काय बिघडलं’ असा विचार करू शकतात. लॅटानोप्रॉस्टच्या बाबतीत तसंही चालत नाही. ते एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर दाब कमी करण्याचा त्याचा परिणाम घटू शकतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अशीच परिस्थिती असते. दोन-तीन प्रकारचे थेंब, प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या, दर आठवड्याला त्या बदलणाऱ्या, आणि त्याच कागदावर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळीही लिहिलेली. एकाच चिठ्ठीवर एका ओळीतला ‘ओडी’ डोळ्याबद्दल आणि दुसऱ्या ओळीतला वेळेबद्दल असू शकतो.

हा धोका टाळण्यासाठी भारतात अनेक नेत्रतज्ज्ञ ‘ओडी-ओएस’ऐवजी ‘आरई’, ‘एलई’ आणि ‘बीई’, म्हणजे राइट आय, लेफ्ट आय आणि बोथ आइज असं लिहितात. पण सगळीकडे एकच पद्धत नाही.

अमेरिकेने काय केलं?

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी ‘जॉइंट कमिशन’ नावाची संस्था आहे. तिने २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशी लघुरूपांची एक अधिकृत यादीच जाहीर केली. यादी मुद्दाम छोटी ठेवली होती, पण तिच्यात रोजच्या वापरातली अक्षरं होती.

त्यात ‘क्यूडी’ होतं, म्हणजे दिवसातून एकदा. घाईत लिहिलं की ते ‘क्यूआयडी’ म्हणजे दिवसातून चारदा किंवा ‘क्यूओडी’ म्हणजे एक दिवसाआड असं वाचलं जायचं. ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ लिहायलाही मनाई झाली, कारण हाताने लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा किंवा चारच्या आकड्यासारखा दिसतो. इन्सुलिन युनिटमध्येच मोजतात. चार युनिटचे चाळीस झाले, तर रुग्णाची साखर जीवघेण्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

यादीत ‘एमएस’ही होतं. तिथे ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट, तीव्र वेदना कमी करणारं औषध. पण ते मॅग्नेशियम सल्फेट असंही वाचलं जाऊ शकतं, जे गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा देतात. दोन्ही औषधं शिरेतून दिली जातात आणि एकाच्या जागी दुसरं देणं धोक्याचं आहे.

या चुका किती होतात, याचा एक अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळतो. अमेरिकेतल्या ‘मेडमार्क्स’ या नोंदवहीत २००४ ते २००६ या काळात औषधांच्या ६,४३,१५१ चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या २९,९७४ म्हणजे ४.७ टक्के चुका लघुरूपांमुळे झाल्या होत्या. सगळ्यात जास्त, ४३.१ टक्के वाटा एकट्या ‘क्यूडी’चा होता. यातल्या बहुतांश चुकांमध्ये रुग्णाला इजा झाली नाही, हीही बाब तितकीच महत्त्वाची. पण साधं ‘रोज एकदा’ लिहिलं असतं तर यातल्या हजारो चुका झाल्याच नसत्या.

‘ओडी’ची दखल ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या संस्थेने घेतली. चुका घडवणाऱ्या लघुरूपांची तिची मोठी यादी आहे. ‘दिवसातून एकदा’साठी ‘ओडी’ वापरू नका, कारण त्यामुळे पातळ औषध डोळ्यात घातलं जाऊ शकतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची हाताशी ठेवायची औषधसंहिता, ‘ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी’, हीसुद्धा सूचना शक्यतो इंग्रजीत आणि लघुरूपांशिवाय लिहाव्यात असं सांगते. म्हणजे जिथून ‘ओडी’ आपल्याकडे आला, तिथेही आता पूर्ण शब्दांचाच आग्रह आहे.

भारतात नियम काय सांगतो?

आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः डॉक्टरांच्या अक्षरावर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असं त्यात सांगितलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने डॉक्टरांनी वाचता येईल असंच लिहावं, असे निर्देश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सुवाच्य चिठ्ठी मिळणं हा रुग्णाचा मूलभूत अधिकार असल्याचं म्हटलं.

हे सगळं गरजेचं होतं. पण त्याने लघुरूपांचा प्रश्न सुटत नाही. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला ‘ओडी’ही ‘ओडी’च राहतो. कॉम्प्युटरवर छापलेल्या चिठ्ठीचंही तेच. छापील अक्षर वाचता येतं, पण त्याचा कोणता अर्थ घ्यायचा हे प्रिंटर सांगत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये वेळा मराठीत किंवा हिंदीत छापायची सोय असते. ती वापरली तर मात्र मोठा फरक पडतो.

आपल्याकडची ‘१-०-१’ ही पद्धत त्या मानाने बरीच सुरक्षित आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. इंग्रजी न येणाऱ्यालाही ती समजते. पण थेंब कोणत्या डोळ्यात, मलम कुठे आणि गोळी जेवणाआधी की नंतर, हे या आकड्यांतून कळत नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांसाठीही ही पद्धत अपुरी पडते. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊन जीवावर बेतू शकतं. त्यामुळे ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये गोळी घ्यायचा वार चिठ्ठीवर पूर्ण शब्दात लिहायला सांगितलं. ‘दर रविवारी एकदा’ असं लिहिलं की शंकेला जागा उरत नाही.

डॉक्टर पूर्ण का लिहीत नाहीत?

याचं उत्तर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी जाऊन आलेल्या कोणालाही माहीत असेल. बाहेर रांग, हातात केस पेपरचा गठ्ठा आणि एकेका रुग्णासाठी मोजकी मिनिटं. अशा वेळी दोन अक्षरांत काम होत असेल तर चार शब्द कोण लिहिणार?

दुसरं कारण सवय. विद्यार्थी असल्यापासून डॉक्टर आणि नर्स हीच अक्षरं वाचत-लिहीत आलेले असतात. एका वॉर्डात, एका विभागात ती वेळ वाचवतात आणि तिथे सगळ्यांना कळतातही. पण लिहिताना वाचलेल्या त्या दोन सेकंदांची जोखीम शेवटी रुग्णाकडे जाते आणि बहुतेकदा त्याला त्याची कल्पनाही नसते.

हे फक्त ‘ओडी’पुरतं नाही

फाईल आणि डिस्चार्ज कार्डवरही असे दुहेरी अर्थ सापडतात.

एमएस: हृदयरोगतज्ज्ञांसाठी ‘मायट्रल स्टेनोसिस’, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद होणं. मेंदूविकारतज्ज्ञांसाठी ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा मज्जासंस्थेचा आजार. आणि डॉक्टरांच्या नावापुढे असेल तर शस्त्रक्रियेतली पदव्युत्तर पदवी.

पीआयडी: स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ओटीपोटातल्या अवयवांचा संसर्ग. हाडांच्या डॉक्टरांकडे मणक्यांमधली सरकलेली चकती.

लामा: डिस्चार्ज कार्डवर ‘रुग्ण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेला’. छातीच्या डॉक्टरांकडे श्वासनलिका रुंद करणाऱ्या इनहेलरमधल्या औषधांचा एक गट. जुनाट दम्यासारख्या आजाराच्या रुग्णाच्या एकाच फाईलमध्ये हे दोन्ही असू शकतं.

एचएस: सहसा ‘झोपताना’. पण ‘हाफ स्ट्रेंग्थ’, म्हणजे अर्ध्या तीव्रतेचं द्रावण, असाही अर्थ घेतला जातो.

एसओएस: जहाजावरून मदतीसाठी दिल्या जाणाऱ्या संदेशामुळे अनेकांना हे ‘तातडीचं’ वाटतं. चिठ्ठीवर मात्र त्याचा अर्थ ‘गरज पडली तरच’ असा आहे. तापाच्या गोळीपुढे ‘एसओएस’ असेल, तर ती रोज घ्यायची नसते.

टीडीएस: इन्कम टॅक्सवाला नव्हे. दिवसातून तीनदा.

मेडिकलच्या काउंटरवर काय विचारायचं?

पहिली गोष्ट, विचारण्यात संकोच नको. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार औषध कसं घ्यायचं याची माहिती रुग्णाला देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामाचाच भाग आहे. ‘दादा, हे ओडी म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

डॉक्टरांसमोरून उठण्याआधी प्रत्येक औषधाबद्दल चार गोष्टी विचारून घ्या. किती घ्यायचं? दिवसातून किती वेळा आणि केव्हा? किती दिवस? आणि थेंब किंवा मलम असेल, तर कोणत्या डोळ्यात, कोणत्या कानात, कुठे? ‘एसओएस’ असेल तर आणखी एक प्रश्न: गरज म्हणजे नेमकी केव्हा आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा?

उत्तर मिळालं की ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणून दाखवा. ‘म्हणजे डॉक्टर, हे थेंब दोन्ही डोळ्यांत, रोज रात्री एकदा, बरोबर ना?’ समजण्यात चूक झाली असेल तर ती तिथेच पकडली जाते.

घरी आल्यावर ते मराठीत लिहून ठेवा. थेंबांच्या बाटलीच्या खोक्यावर ‘उजवा डोळा, रात्री ९’ असं पेनाने लिहायला अर्धं मिनिट लागतं. घरात आजी-आजोबांचं औषध एकापेक्षा जास्त जण देत असतील, तर हे आणखी गरजेचं आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठीसोबत औषधांच्या पट्ट्या आणि बाटल्याही न्या.

आणि चिठ्ठी आधीपासून घरात असेल, त्यावरचा ‘ओडी’ कोणत्या अर्थाचा हे कळत नसेल, तर अंदाज बांधू नका. हा लेख वाचून स्वतःहून डोसही बदलू नका. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात बहुतेकदा दवाखान्याचा फोन नंबर असतो. तो लावा आणि विचारा.